अठ्ठ्याण्णवावा दिवस आणि एकशेवीस गड्डे

हाती घेतलेलं काम शंभर टक्के पुरं करणारं माणूस आमच्या घरात एकच आहे, आणि ते म्हणजे मी! नवऱ्याने ठोकलेला खिळा वाकडा असतो, मुलीचं अंथरूण दुपारपर्यंत लोळत असतं, माझं मात्र सगळं सुतासारखं सरळ. त्यात माझा तरी काय दोष? देगूच्या बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात बावीस वर्षं मी लोकांचे डोळे तपासतेय. काच अर्धा मिलिमीटर सरकली, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी डोकं धरून दारात उभं! तेव्हा ‘चालतंय की’ हा शब्दच माझ्या तोंडात बसत नाही.

तर अशी मी, नो उन-सुक, वय वर्षं पन्नास. मी ठरवलं की शंभर दिवसांत अंग घडवायचं आणि स्टुडिओत जाऊन फोटो काढून घ्यायचा.

आमच्या कोरियात हल्ली हे खूळ फार आहे. विशीतली पोरंपोरी आधी स्टुडिओची तारीख घेतात, मग त्या तारखेच्या धाकाने तीन महिने उपाशी राहतात आणि शेवटी टिचभर कपड्यांत बेटकुळ्या दाखवत उभी राहतात. मी काही विशीतली नाही, हे मला कुणी सांगायची गरज नाही. झालं असं की एका रविवारी मी घरातले जुने फोटो चाळत बसले होते. सव्वीस वर्षांचा संसार, ढीगभर फोटो, आणि एकूण एक फोटोत मी कडेला! कधी कुणाचा कोट धरून, कधी कुणाची पिशवी धरून, आणि एकात तर नुसता माझा कोपर. मला फार वाईट वाटलं. आयुष्यात एक तरी फोटो असा हवा, ज्यात मी मधोमध आहे आणि माझे दोन्ही हात रिकामे आहेत.

व्यायामशाळेतली माझी कोच दा-बिन ही सव्वीस वर्षांची पोर. स्वभावाने गोड. ती पहिल्याच दिवशी म्हणाली, “मॅडम, एखादा दिवस चुकला तर चुकला. दुसऱ्या दिवशी पुढे चालू करायचं.”

“एखादा दिवस चुकला तर तो शंभरावा कसा होईल? नव्याण्णवावा होईल!” मी म्हटलं.

ती नुसती हसली. मी मात्र नियमच करून टाकला की एक घास जरी चुकला, तरी पुन्हा पहिल्या दिवसापासून! या नियमापायी मी तो पहिला दिवस पाच वेळा साजरा केला. एकदा बावन्नाव्या दिवशी मुलीच्या वाढदिवसाचा केक बोटाला लागला आणि मी ते बोट चाटलं, झाला पहिला दिवस. एकदा एकेचाळिसाव्या दिवशी ताप आला आणि दुकानातल्या पोरीने प्रेमाने भाताची पेज आणून दिली, झाला पुन्हा पहिला दिवस. खरं सांगायचं तर मी थकून गेले होते. सकाळी पाचला उठून उकडलेल्या कोंबडीचे शंभर ग्रॅम तोलायचे, रताळ्याचे एकशेवीस ग्रॅम तोलायचे, मग दुकान, मग व्यायामशाळा, मग घरी येऊन इतरांसाठी रांधायचं आणि आपण काकडी चावत बसायचं. पण सहाव्या खेपेला गाडी रुळावर आली. पंचाण्णव दिवस झाले आणि एक चूक नाही! सोमवारी शंभरावा दिवस, सोमवारीच फोटो.

आणि बुधवारी नणंदेचा फोन आला.

“वहिनी, थंडीची लाट येतेय म्हणे. आई म्हणते किमची या शनिवारीच घालायची. तुम्ही दोघं शुक्रवारी संध्याकाळी या.”

माझ्या पायाखालची जमीनच सरकली. दरवर्षी नोव्हेंबरच्या अखेरीला आम्ही सगळे डोंगरातल्या गावी सासूबाईंकडे जमतो आणि चार घरांची वर्षभराची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालतो. कोबीचे एकशेवीस गड्डे! ती तारीख पुढच्या आठवड्यातली होती, म्हणूनच तर मी फोटो या सोमवारी ठेवला होता. स्टुडिओची पुढची तारीख चार महिन्यांनी. आणि दा-बिनच्या तक्त्यावर शेवटच्या तीन दिवसांपुढे लाल अक्षरांत लिहिलं होतं: मीठ शून्य. मिठाने अंगात पाणी धरतं, तोंड सुजतं, पोटावरच्या रेघा पुसल्या जातात.

मीठ शून्य, आणि मी चालले किमची घालायला!

“नाही जमणार म्हणून सांग की,” नवरा म्हणाला. माझा नवरा ब्योंग-हो हा बस चालवतो, आणि त्याला वाटतं की कुठल्याही थांब्यावर न थांबता पुढे जाता येतं.

“अहो, एकशेवीस गड्डे काय आई एकट्या भरणार? आणि फोटोबद्दल चकार शब्द काढायचा नाही. पन्नाशीची सून टिचभर कपड्यांत फोटो काढते, हे त्या गावात कळलं तर आईंना समाजमंदिरात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. शपथ घ्या!”

त्याने बिचाऱ्याने शपथ घेतली.

पण मला गावी जाणं टाळता येत नव्हतं, याचं खरं कारण त्यालाही माहीत नव्हतं. ते फक्त दोघींना ठाऊक होतं, मला आणि सासूबाईंना.

तीन वर्षांपूर्वी सासूबाईंना मोठा ताप आला. ताप उतरला, पण जिभेची चव गेली ती गेलीच. खारट-आळणी काही म्हणजे काही कळत नाही. मला पत्ता लागला तो त्यांनी एकदा सूपात मिठाऐवजी मूठभर साखर घातली तेव्हा. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझं मनगट धरलं. “कुणाला सांगितलंस तर रांजणात घालून वर दगड ठेवीन!” असं म्हणाल्या आणि मग चुलीकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहिल्या. त्या पंचक्रोशीत त्यांच्या किमचीचं नाव आहे. आणि आमच्या वन्सं ग्योंग-जा गेली दोन वर्षं टपून बसल्यात की आईचा हात जरा चुकू दे, की किमची बंद, घर बंद, आणि आईला उचलून देगूच्या फ्लॅटमध्ये आणते! प्रेमानेच म्हणतात हो. पण सासूबाईंना चौदाव्या मजल्यावर राहण्यापेक्षा रांजणात राहणं परवडेल.

तेव्हापासून दरवर्षी मसाला कालवून झाला की त्या मला काहीतरी निमित्त काढून रांजणांच्या ओट्यामागे नेतात, बोटभर मसाला माझ्या तोंडात घालतात आणि विचारतात, “सांग, मीठ कसं आहे?” मी सांगते. मग त्या बाहेर येऊन सगळ्यांदेखत बोट चाटतात, डोळे मिटतात आणि जाहीर करतात, “जमलं!” अख्ख्या खानदानाची किमची माझ्या एका जिभेवर चाललेली आहे.

शनिवार उजाडला. माझा अठ्ठ्याण्णवावा दिवस. मी माझे डबे थंड पिशवीत घालून गाडीच्या डिकीत लपवले होते. पहाटे गाडी तपासायला म्हणून बाहेर जायचं, डिकीत डोकं घालून शंभर ग्रॅम कोंबडी गिळायची आणि तोंड पुसून परत यायचं. पाणीसुद्धा मोजून. ओठांना चिरा पडल्या होत्या, आणि आदल्या संध्याकाळपासून खारवत ठेवलेले एकशेवीस गड्डे गार पाण्यात तीनतीनदा धुताना तर डोळ्यांपुढे काजवे चमकत होते.

दहा वाजता सासूबाईंनी हाक मारली, “सूनबाई, ते मोठं झाकण धरायला ये गं जरा मागे!”

रांजणांमागे गेले. त्यांनी लालभडक बोट माझ्या तोंडासमोर धरलं.

आता मला सांगा, काय करावं माणसाने? त्या बोटावर तिखट होतं, लसूण होता, कोळंबीचा खार होता, माशांचा रस होता. म्हणजे मीठच मीठ! पंचाण्णव आणि तीन, अठ्ठ्याण्णव दिवस एका बोटापायी पाण्यात? मी बोट ओठांजवळ नेलं, ओठ घट्ट मिटूनच मचमच केली आणि डोळे मिटून म्हटलं, “वा!”

“नीट सांग. मला आठवत नाही, माशांचा रस मी एकदा घातला की दोनदा. ग्योंग-जा मधेच काहीतरी बडबडत आली. जास्त तर नाही ना झालं?”

“छे हो आई, एकदम बरोबर.”

“नक्की ना?”

“नक्की!”

बावीस वर्षं लोकांच्या डोळ्यांत बघून खरं ते सांगणारी मी, त्या म्हातारीच्या डोळ्यांत न बघता खोटं बोलले. सासूबाई बाहेर गेल्या, बोट चाटलं, डोळे मिटले. “जमलं!”

आणि आम्ही सगळे गड्डे भरायला बसलो.

अर्ध्या तासातच पहिलं संकट आलं. आमच्याकडे किमची भरता भरता कोवळं पिवळं पान तोडायचं, त्यात मसाला आणि शिंपल्यातलं एक ताजं कालव गुंडाळायचं आणि शेजारणीच्या तोंडात कोंबायचं, ही रीतच आहे. सगळ्यांचे हात तिखटाने बरबटलेले, त्यामुळे नको म्हणून हात आडवा घालायचीही सोय नाही. वन्सं पहिलीच भली मोठी गुंडाळी घेऊन माझ्याकडे आल्या. “वहिनी, आ करा!”

“वन्सं, मला आत्ता—”

‘त्ता’ म्हणताना तोंड उघडतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं! गुंडाळी आत गेली. मी ती गालात दाबली, जीभ मागे ओढून घेतली, काही न चावता उठले, कोठीच्या मागे धावले आणि सगळं थुंकून पाच वेळा चूळ भरली. चव? चव कळायला जीभ तरी लागू दिली का मी!

मागे वळले तर वन्सं उभ्या!

“वहिनी,” त्यांचा आवाज चिरकला, “उलटी झाली तुम्हाला?”

“नाही हो, जरा—”

“केवढ्या वाळलात! मी काल आल्यापासून बघतेय. गालफडं बसलीत, ओठ फुटलेत, काल जेवणात नुसता पाण्याचा घोट. ब्योंग-हो! ए ब्योंग-हो! इकडे ये आधी! काय झालंय हिला?”

नवरा हातात मुळा घेऊनच आला. माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले. शपथ आठवून तो बिचारा घाबरला आणि त्याच्या तोंडून निघालं, “डॉक्टरांनी मीठ बंद केलंय.”

“कुठल्या डॉक्टरांनी?”

“म्हणजे… ते आपले… मूत्रपिंडाचे.”

हा माणूस बस कशी चालवतो देव जाणे!

वन्संनी कमरेवर हात ठेवले, मग छातीवर ठेवले, मग ते तिखटाचे हात डोळ्यांना लावले. पुढचा पाव तास आम्ही सगळे त्यांच्या डोळ्यांवर पाणी मारत होतो, आणि त्या रडत होत्या. त्यातलं तिखटामुळे किती आणि माझ्यामुळे किती, ते कळायला मार्ग नव्हता. “एवढ्याशा वयात! आणि आम्हाला कुणी सांगितलंसुद्धा नाही!”

त्यांचा आवाज कुंपणापलीकडे गेला. पलीकडच्या माल-सुन आजी काळ्या बोकडाच्या काढ्याची बाटली घेऊन हजर! “पी बाई, माझी नणंद याच्यावर चार वर्षं जास्त जगली.”

एका पेल्यात किती उष्मांक असतील, या हिशेबाने मी मान फिरवली. बस्स! वन्संनी पुन्हा गळा काढला. “काढासुद्धा पोटात ठरत नाही तिच्या!”

मला बखोटीला धरून आत नेलं, गरम गादीवर बसवलं आणि गोधडीत गुंडाळलं. “हलायचं नाही!” बाहेर सगळी जणं गुंडाळ्या विसरून कामाला जुंपलेली, आणि मी आत मढ्यासारखी. खिडकीतून दिसत होतं, नवरा गड्ड्याच्या फक्त वरच्या पानांना मसाला फासत होता आणि आतली पानं तशीच सोडत होता. माझा जीव वर-खाली होत होता, पण उठायचं त्राणही नव्हतं. खोटं सांगत नाही, त्या गरम गादीवर पाठ टेकली तेव्हा मला रडू आलं. इतक्या दिवसांत मी पहिल्यांदा नुसती बसले होते.

तेवढ्यात दार सरकलं. सासूबाई आत आल्या, हात एप्रनला पुसले, आणि माझ्याजवळ बसल्या.

“मला का नाही सांगितलंस?” त्या म्हणाल्या. “माझं एवढं मोठं गुपित तीन वर्षं पोटात ठेवलंस. माझ्या पोटात तुझं राहिलं नसतं का?”

मला कुणीतरी थोबाडीत मारावी असं वाटलं. “आई, तसं काही नाहीये हो. मी तुम्हाला खरं सांगते—”

“आई!” बाहेरून वन्सं ओरडल्या. “मांस शिजलं, पानं मांडली! या लवकर!”

सासूबाईंनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं. “तुला मी नुसता बिनमिठाचा भात वाढते,” म्हणाल्या आणि उठून गेल्या.

आता किमची घालायच्या दिवसाचं जेवण म्हणजे सोहळा! मऊ उकडलेलं डुकराचं मांस, पांढऱ्या भाताच्या वाफा, आणि मधोमध परातीत आजचीच ताजी किमची. आधी सासूबाईंनी पहिलं पान उचलायचं, मग सगळ्यांनी. सगळ्यांनी मांसावर किमचीचं पान गुंडाळलं आणि एकदम तोंडात घातलं. मी भाताच्या वाटीत बघत बसले.

आणि एकेकाचा जबडा थबकला.

नवऱ्याचे कान लाल झाले. माल-सुन आजींनी पाण्याचा पेला एका घोटात संपवला आणि शेजारच्याचाही संपवला. वन्संनी घास कसाबसा गिळला, आणि त्यांच्या डोळ्यांत परत पाणी आलं, या खेपेला निव्वळ मिठाने. फक्त सासूबाई शांतपणे चावत होत्या.

“आई,” वन्सं म्हणाल्या, “हे काय आहे?”

“काय म्हणजे?”

“हा समुद्र आहे समुद्र! तोंडात धरवत नाही! तुला कळलं नाही?”

सासूबाईंचं चावणं थांबलं. त्यांनी वन्संकडे बघितलं नाही, मुलाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मी सोसला असता हो, पण राग नव्हता. नुसती भीती होती. एकोणऐंशी वर्षांच्या बाईला आपल्याच जेवणाच्या टेबलाची भीती वाटत होती, आणि ती माझ्यामुळे.

“मी म्हणतच होते,” वन्संनी सुरुवात केली. “वय झालंय तुझं आई. एकशेवीस गड्डे वाया! पुढच्या वर्षीपासून हे सगळं बंद. विकतची आणू. आणि तू या हिवाळ्यातच माझ्याकडे—”

“थांबा!” मी गोधडीसकट उभी राहिले. “आईंची काही चूक नाही! आईंना शंका आली होती. त्या मला सकाळीच म्हणाल्या, रस दोनदा तर नाही ना पडला, जास्त तर नाही ना झालं? मीच म्हटलं, बरोबर आहे!”

“पण तुम्हाला कसं कळणार? तुम्हाला तर मीठ बंद—”

“म्हणूनच तर! मी चाखलंच नाही! न चाखता सांगितलं!”

“मग सांगितलंत कशाला?”

आता गाडीला ब्रेक नव्हता. “कारण मला सोमवारी फोटो काढायचाय! मूत्रपिंडं दोन्ही ठणठणीत आहेत माझी! अठ्ठ्याण्णव दिवस मी कोंबडी आणि रताळ्यावर काढलेत, कमी कपड्यांतला एक फोटो काढायला! झालं समाधान?”

मग वन्संनी हळूच विचारलं, “म्हणजे तुम्ही मरत नाही आहात?”

“नाही.”

“अरे देवा!” असं म्हणून त्यांनी मला मिठी मारली आणि त्याच हाताने पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. तोवर माल-सुन आजींनी काढ्याची बाटली उचलून परत काखेत मारली होती. “कमी म्हणजे किती कमी?” एवढंच त्यांनी विचारलं.

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांच्या मानेचा ताठा परत येत होता. मी फेकलेला दोर त्यांनी बरोबर पकडला होता, आणि आता नुसता पकडून त्या थांबणार नव्हत्या!

“सांगत होते!” त्यांनी टेबलावर थाप मारली. “घसा फोडून सांगत होते, जास्त झालंय, जास्त झालंय! ऐकते कुठं! ‘नाही आई, बरोबर आहे आई!’ पंचावन्न वर्षं किमची घालतेय मी, माझ्या जिभेला कळणार नाही? नुसत्या वासावरून ओळखलं होतं मी! पण म्हटलं, जाऊ दे, सुनेचं मन कशाला मोडा. हे फळ मिळालं!”

“चुकलं आई,” मी मान खाली घातली.

“चुकलं म्हणे! आणि तो फोटो! लाज आहे का? थंडीचे दिवस, आणि कमी कपडे! सर्दी झाली म्हणजे?”

दहा मिनिटं त्या बोलत होत्या. त्यातल्या निम्म्या गोष्टी घडल्याच नव्हत्या, आणि उरलेल्या निम्म्या माझ्या लग्नाच्या वेळच्या होत्या. मी सगळं ऐकून घेतलं. त्यांच्या गालांवर रंग आला होता, आणि वन्सं चक्क म्हणत होत्या, “बघा वहिनी, आईचं ऐकलं असतं तर!”

खारट किमचीवर एकच इलाज असतो. बिनमिठाचा मुळा मोठाले तुकडे करून पानापानांत खुपसायचा, म्हणजे तो जास्तीचं मीठ ओढून घेतो. आम्ही सगळे डबे पुन्हा उघडले. माल-सुन आजींच्या वाफ्यातले मुळे उपटून आणले. गड्डा काढ, पान उलगड, मुळा खुपस, गड्डा मिट. एकशेवीस वेळा! कंबर कामातून गेली. आणि दर डब्यामागे सासूबाई मला उघड उघड, सगळ्यांदेखत, हाक मारायच्या.

“ए फोटोवाली! इकडे ये! आता तूच चाख सगळं. शिक्षा आहे ही तुला!”

चौदा डबे! पहिल्या डब्याला मी पान तोंडात घातलं तेव्हा इतक्या दिवसांनी जिभेवर असं मीठ आलं, तिखट आलं, लसूण आला, आणि मला खरंच भोवळ आली. दुसऱ्या डब्याला कालव घेतलं. चौथ्या डब्याला वन्संनी मधे मांसाचा तुकडा सारला. नवव्या डब्यापर्यंत मी किती खाल्लं, ते मोजायचं माझ्या लक्षातच राहिलं नाही. चौदाव्या डब्याशी सासूबाई वाकल्या आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाल्या, “आता खरं सांग.”

“अजून खारट आहे आई. पण खाण्याजोगी झालीय.”

“मग झालं तर!” त्या म्हणाल्या आणि झाकण दाबून बसवलं.

सोमवारी मी स्टुडिओत गेले. न जाऊन काय करते? तारीख होती. आरशात बघितलं तर तोंड वाफवलेल्या पावासारखं फुगलेलं, पोटावरच्या तीन महिन्यांच्या रेघा कुठल्या कुठे गेलेल्या, नखं तिखटाने लाल, आणि अंगाला असा लसणाचा वास की मेकअप करणाऱ्या मुलीने खिडकी उघडली. सोबतीला आलेली दा-बिन मला बघून म्हणाली, “मॅडम, पुन्हा पहिला दिवस?”

“नको गं बाई,” मी म्हटलं. “सातव्यांदा नको.” हे म्हणताना मला इतकं हलकं वाटलं की मी तिथल्या स्टुलावर बसूनच घेतलं.

फोटोवाल्या तरुणाने चारपाच फोटो काढले. मी त्याची क्षमा मागितली. म्हटलं, “पोट जरा सुजलंय.”

“त्याचं काय एवढं!” तो कॅमेऱ्यातून डोकंही वर न काढता म्हणाला. “पोट आम्ही नंतर कॉम्प्युटरवर आत घेतो.”

“आत घेता?”

“सगळ्यांचंच घेतो. कंबर, दंड, हनुवटी. मागच्या आठवड्यात एकाला तर गुडघे नवे बसवून दिले.”

“मग आम्ही शंभर दिवस कोंबडी कशाला खातो?”

त्याने थोडा विचार केला. “ते मलाही कळत नाही, मॅडम.”

फोटो आला. मी मधोमध आहे, दोन्ही हात रिकामे आहेत. नवऱ्याने बराच वेळ निरखून बघितला आणि म्हणाला, “सुंदर आहे. कोण आहे ही?” पुढचे दोन दिवस तो बसमध्येच जास्त सुरक्षित होता.

व्यायामशाळा मी सोडलेली नाही. आठवड्यातून तीनदा जाते. कधी दोनदा, आणि दुकानात गर्दी असली तर एकदाही नाही. तोलायचा काटा सध्या मुलगी कॉफी तोलायला वापरते.

परवा जानेवारीतली कडाक्याची थंडी होती. आमच्या वाटणीचा पहिला डबा मी उघडला, आणि बरोबर जेवणाच्या वेळेला सासूबाईंचा फोन. वन्संनी फ्लॅटचं पुन्हा काढलं नव्हतं. सासूबाई गावातल्याच घरून बोलत होत्या, मागे कुत्रं भुंकत होतं.

“उघडलीस का?”

“उघडली.”

“मग? मीठ कसं आहे?” त्यांनी विचारलं. मी पान तोंडात घातलं आणि नीट, सावकाश चावलं. मुरली होती छान, आंबटही झाली होती. खोटं बोलणं सोपं होतं.

“थोडी खारटच आहे, आई.”

मग त्या म्हणाल्या, “असू दे. भात जास्त वाढून घे.”

मी घेतला. दोन वाट्या. खरं म्हणजे तीन, पण तिसरी नवऱ्याची उरलेली होती, ती मी धरत नाही.